कळ, माऊस, स्टिक आणि बोट: संगणकावरील खेळांची साधने का बदलत गेली

संगणकावरचा कोणताही खेळ घेतला, तरी खेळणाऱ्याचा हात यंत्राला मुख्यतः तीन प्रकारची माहिती देत असतो. पहिली माहिती 'हो किंवा नाही' एवढीच असते: उडी मारायची की नाही, गोळी झाडायची की नाही. दुसरी 'किती' या स्वरूपाची असते: गाडी किती वळवायची, ब्रेक किती दाबायचा. तिसरी असते 'कुठे' या स्वरूपाची: पडद्यावरच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी नेम धरायचा, कोणत्या सैनिकाला निवडायचे. बटण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, फिरता नॉब किंवा झुकणारी दांडी दुसऱ्याचे, आणि माऊस किंवा काचेवर टेकलेले बोट तिसऱ्याचे. गेल्या सहा दशकांत खेळाडूंची पसंती एका साधनावरून दुसऱ्यावर सरकत गेली, कारण खेळ हाताकडे जी माहिती मागत होते तीच बदलत गेली. त्याचबरोबर, ती माहिती देणारे साधन लोकांना परवडणारे आणि आयते हाताशी असलेले होते की नाही, यावरही बरेच काही ठरले. रत्नागिरी-सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांत तर हे दुसरे कारण अनेकदा पहिल्याहून वरचढ ठरले आहे. संगणक दुरुस्तीच्या कामामुळे ही साधने माझ्या टेबलावर उघडी होऊन पडतात, आणि ती आतून पाहिली की हा सगळा बदल का घडला हे अधिक स्पष्ट होते.

सुरुवातीच्या काळात खेळासाठी आयते मिळणारे वेगळे साधन असे नव्हतेच. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यावर टेनिसचा खेळ दाखवला, तेव्हा प्रत्येक खेळाडूच्या हाती एक छोटी पेटी दिली होती. तिच्यावरचा नॉब फिरवून फटक्याचा कोन ठरत असे आणि बटण दाबून फटका मारला जात असे. १९६२ साली अमेरिकेतीलच एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' तयार केला. तो प्रथम संगणकाच्या पुढच्या फळीवरील स्विचनीच खेळला जाई. ते स्विच यंत्र तपासण्यासाठी बसवलेले होते, बोटांना गैरसोयीचे होते, आणि पडद्याच्या एका बाजूला असल्यामुळे दोघांपैकी एका खेळाडूला पडदा नीट दिसत नसे. म्हणून ॲलन कोटोक आणि बॉब साँडर्स यांनी दोन स्वतंत्र पेट्या बनवल्या. त्यांच्यावर वळण्यासाठी आणि वेग घेण्यासाठी खटके होते, आणि टॉर्पेडो सोडण्याचे बटण मुद्दाम आवाज न करणारे ठेवले होते, म्हणजे शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला हल्ल्याची चाहूल लागू नये. खेळाची गरज ओळखून साधन घडवण्याचे याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

१९७२ साली आलेल्या अटारी कंपनीच्या 'पाँग'मध्ये फळी वर-खाली सरकवायची असे, आणि त्यासाठी एक नॉब पुरेसा होता. त्या नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा जो भाग असतो तोच. त्याच्या अर्धगोल कार्बनपट्टीवरून धातूची जीभ फिरते आणि जागेप्रमाणे विजेला होणारा अडथळा बदलतो. हा भाग लक्षात ठेवावा, कारण पुढे अर्धशतकानंतर गेमपॅडच्या, म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायच्या पॅडच्या, तक्रारींत तोच पुन्हा भेटतो. १९७७ साली अटारीने घरगुती यंत्राबरोबर जॉयस्टिक दिली, तिच्यात मात्र पोटेन्शिओमीटर नव्हता. दांडी चार दिशांपैकी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचा स्विच दाबला जाई, आणि दोन शेजारचे स्विच एकदम दाबले गेले की तिरकी दिशा मिळे. किती झुकवली याला काहीच अर्थ नव्हता. तरीही ती स्वस्त होती, दणकट होती, आणि तिचा नऊ पिनांचा प्लग १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला आणि १९८५ च्या अमिगालाही चालत असे. पाश्चात्त्य देशांतील घरगुती संगणकांवर ऐंशीच्या दशकात दांडीचे राज्य राहिले, त्याचे बरेचसे श्रेय या सामाईक प्लगला आहे.

कोकणात हा टप्पा घरात आलाच नाही. तो तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आला. लाकडी पेटी, तिच्यावर लाल गोळ्याची दांडी, शेजारी बटणे, आणि नाणे किंवा टोकन टाकले की सुरू होणारा खेळ. १९९३ साली आलेला 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा खेळ आपल्याकडे त्यातल्या एका पात्राच्या नावाने, 'मुस्तफा' म्हणूनच, ओळखला जात असे. या दांडीच्या तळाशी मायक्रोस्विच असतात आणि ते दाबले गेले की 'टिक' असा आवाज होतो. सरावलेला मुलगा पडद्याइतकाच त्या आवाजावर विसंबून खेळत असे. घरात आला तो टीव्हीला जोडायचा गेम, आणि तोही बहुतेकदा मे महिन्याच्या सुटीत किंवा गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानातून. त्याच्या पॅडला सगळे 'रिमोट' म्हणत आणि खेळाच्या काडतुसाला 'कॅसेट'. ही यंत्रे बहुतांशी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८३ च्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. त्या रिमोटवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हाच्या आकाराची जी कळ असे, ती गुनपेई योकोई यांनी १९८२ साली एका खिशात मावणाऱ्या खेळासाठी योजली होती. दांडीच्या जागी चपटी कळ आल्यामुळे पॅड पातळ झाला, मोडायला काही उरले नाही, आणि डावा अंगठा दिशेसाठी व उजवा कृतीसाठी अशी हातांची विभागणी पक्की झाली, जी आजच्या प्रत्येक गेमपॅडमध्ये तशीच आहे.

संगणकाची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९८१ साली आयबीएमने पीसी बाजारात आणला तेव्हा त्याला जॉयस्टिक जोडण्यासाठी पंधरा पिनांचे गेम पोर्ट असलेले कार्ड वेगळे विकत घ्यावे लागे. हे पोर्ट 'किती' हे सांगू शकणाऱ्या दांडीसाठी होते, पण त्याची रीत अवघड होती. दांडीतल्या पोटेन्शिओमीटरमधून एक छोटा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, भरला जाई आणि तो भरायला किती वेळ लागला, हे प्रोसेसर स्वतः मोजत बसे. जितका वेळ जास्त, तितकी दांडी एका बाजूला झुकलेली. याचे दोन परिणाम झाले: मोजणीत प्रोसेसरचा वेळ वाया जाई, आणि संगणकाचा वेग बदलला की मोजणीही बदले, त्यामुळे खेळ सुरू करण्यापूर्वी दांडी चारही कोपऱ्यांत फिरवून तिची मापे ठरवून द्यावी लागत. शिवाय ते कार्ड सगळ्यांकडे नसे. उलट कीबोर्ड प्रत्येक पीसीबरोबर येतच होता. खेळ लिहिणाऱ्यांनी साहजिकच कीबोर्ड गृहीत धरला, आणि पीसीवर खेळणारा म्हणजे कळांवर खेळणारा, हे समीकरण तयार झाले.

पहिल्या पीसीच्या कीबोर्डवर बाणांच्या स्वतंत्र कळा नव्हत्या. बाण आकड्यांच्या गटातच छापलेले होते. खाली तीन आणि वर एक अशी आजची मांडणी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या १९८२ च्या कीबोर्डवर आली आणि आयबीएमने १९८५ साली तिला आपल्या कीबोर्डवर जागा दिली. आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नव्वदच्या दशकात 'प्रिन्स ऑफ पर्शिया' किंवा 'डेंजरस डेव्ह' खेळलेल्या प्रत्येकाच्या उजव्या हाताला हीच मांडणी पाठ आहे: उजवा हात बाणांवर, डावा कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्टवर.

कीबोर्डची मर्यादा मात्र दोन भावंडे एकाच कीबोर्डवर खेळायला बसली की लगेच समोर येई. दोघांनी जोर लावून कळा दाबल्या की एकाची गाडी अचानक वळेनाशी होई, आणि मग कळ कोणी मुद्दाम दाबून धरली यावरून भांडण. खरे कारण कीबोर्डच्या रचनेत असते. शंभराहून अधिक कळांना प्रत्येकी वेगळी तार द्यायची तर खर्च फार वाढेल, म्हणून तारा आडव्या आणि उभ्या ओळींत मांडतात आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे कळ बसवतात. कीबोर्डमधली चिप एकेक आडवी ओळ तपासत जाते आणि कोणत्या उभ्या ओळीतून विजेचा संकेत परत येतो ते पाहते. दोन कळांपर्यंत काही अडचण येत नाही. पण चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या, तर संकेत त्या तिन्ही कळांमधून वळसा घेऊन चौथ्या कोपऱ्यावर पोहोचतो आणि न दाबलेली कळही दाबल्यासारखी दिसते. हा गोंधळ टाळण्यासाठी स्वस्त कीबोर्ड तिसरी कळ सरळ नाकारतो. प्रत्येक कळेशी एक डायोड जोडला की वीज एकाच दिशेने जाते आणि प्रश्न मिटतो. महागडे गेमिंग कीबोर्ड हेच करतात. ज्या घरी दोन मुले आहेत त्यांनी रंगीत दिव्यांपेक्षा या एका गोष्टीची चौकशी करून कीबोर्ड घ्यावा, असे मी ग्राहकांना नेहमी सांगतो.

त्यानंतर माऊस आला, आणि या सगळ्या इतिहासातला माझ्या मते सर्वांत मोठा बदल त्याने घडवला. माऊस स्वतः नवा नव्हता. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी तो १९६४ च्या सुमारास बनवला होता आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जाहीरपणे दाखवला होता. १९७८ साली झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील केंद्रात कार्ड, इंग्लिश आणि बर या संशोधकांनी माऊस, जॉयस्टिक आणि निरनिराळ्या कळा यांची तुलना केली, तेव्हा पडद्यावरच्या ठिकाणावर पोहोचण्यात माऊस सर्वांत जलद ठरला. कारण समजायला सोपे आहे. माऊस हात जितका हलवू तितकाच बाण हलवतो. हात थांबला की बाणही थांबतो. दांडी तसे करत नाही. ती झुकवल्यावर बाण एका वेगाने चालू लागतो आणि योग्य ठिकाणी आल्यावर दांडी वेळेत सोडून त्याला थांबवावे लागते. पहिल्या साधनात हात थेट जागा सांगतो, दुसऱ्यात वेग सांगतो आणि जागेचा अंदाज डोक्याने बांधावा लागतो.

खेळांना या गुणाची गरज दोन दिशांनी निर्माण झाली. १९९२ च्या 'ड्यून २' पासून सुरू झालेल्या आणि 'एज ऑफ एम्पायर्स'ने १९९७ नंतर घरोघरी नेलेल्या युद्धनीतीच्या खेळांत डझनावारी सैनिक निवडून त्यांना हुकूम द्यायचे असत. हे काम बाणांच्या कळांनी करायचे म्हटले तर लढाई संपून जाईल. दुसरी दिशा होती खेळाडूच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गोळीबाराच्या खेळांची. १९९३ च्या 'डूम'मध्ये जमीन आणि भिंती होत्या, पण वर-खाली नेम धरण्याची गरज नव्हती, म्हणून बहुतेक लोक तो बाणांच्या कळांनीच खेळत. १९९६ च्या 'क्वेक'मध्ये जग खऱ्या अर्थाने त्रिमितीय झाले, शत्रू डोक्यावर आणि पायाखालीही येऊ लागला, आणि माऊसने मान फिरवणारा खेळाडू कळांनी फिरवणाऱ्याला सहज हरवू लागला.

आता उजवा हात माऊसवर गेला, तेव्हा डाव्या हाताला बाणांपर्यंत वळसा घ्यावा लागू लागला. डाव्या हाताने आपली जागा शोधली ती डब्ल्यू, ए, एस आणि डी या चार अक्षरांवर. इथे मधले बोट पुढे-मागे, शेजारची दोन बोटे डावी-उजवीकडे, करंगळी शिफ्ट आणि कंट्रोलवर, अंगठा स्पेसबारवर, आणि हत्यारे बदलण्याचे आकडे अगदी वर. निरनिराळे खेळाडू निरनिराळ्या मांडण्या वापरून पाहत होते. त्यांत डेनिस फाँग या 'थ्रेश' टोपणनावाच्या खेळाडूची मांडणी सर्वांपर्यंत पोहोचली. त्याने १९९७ साली 'क्वेक'ची स्पर्धा जिंकून त्या खेळाचे एक निर्माते जॉन कारमॅक यांची फेरारी गाडी बक्षीस म्हणून मिळवली, आणि जिंकणाऱ्याचा हात कुठे असतो हे सगळ्यांनी पाहिले. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'मध्ये ही अक्षरे आयतीच मिळू लागली. २००० नंतर जेव्हा कोकणातल्या तालुक्यांच्या गावी सायबर कॅफे उघडले आणि चार संगणक एका वायरीने जोडून 'काउंटर-स्ट्राइक' सुरू झाला, तोवर ही मांडणी जगभर ठरून गेलेली होती. चिपळूण-कणकवलीच्या मुलांनी ती कोणी न शिकवता उचलली, कारण कीबोर्डवर त्या चार कळांची अक्षरे सर्वांत आधी पुसली जात आणि नवा मुलगा बसला तरी कुठे बोटे ठेवायची हे त्याला दिसत असे.

त्या काळातला माऊस गोळीचा होता. रबरी आवरणाची जड गोळी टेबलावर घरंगळे, ती आतल्या दोन रुळांना फिरवी, रुळांच्या टोकाला खाचा असलेली चकती असे आणि त्या खाचांतून जाणाऱ्या अदृश्य किरणाची उघडझाप मोजून हालचाल कळे. पावसाळ्यात आमच्याकडची हवा इतकी ओली असते की टेबलावरची धूळ आणि हाताचा घाम मिळून त्या रुळांवर काळपट, चिकट पट्टी जमे. बाण आडवा नीट सरके पण उभा अडखळे, किंवा उलट. कारण पट्टी ज्या रुळावर जास्त, ती दिशा आंधळी. खालचे गोल झाकण फिरवून गोळी काढायची, नखाने किंवा ब्लेडच्या बोथट बाजूने पट्टी खरवडायची, गोळी पाण्याने धुऊन पुसायची आणि परत बसवायची, हे काम सायबर कॅफेवाल्याला रोजचे असे.

१९९९ साली मायक्रोसॉफ्टचा प्रकाशावर चालणारा इंटेलिमाऊस एक्सप्लोरर आला आणि गोळीचा जमाना संपत गेला. या माऊसच्या पोटात एक अगदी लहान कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला १५०० छायाचित्रे घेई आणि एका चित्रातली बारीक खूण पुढच्या चित्रात किती सरकली, यावरून हालचाल ठरे. आजचे माऊस याहून कितीतरी अधिक चित्रे घेतात. त्याच वर्षी रेझर कंपनीने खास खेळाडूंसाठी बनवलेला बूमस्लँग हा माऊस विकायला काढला. पुढे मोजमापांची शर्यत सुरू झाली, तिच्यातली एकच गोष्ट सामान्य माणसाला उपयोगाची आहे: यूएसबीचा साधा माऊस संगणकाला सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो, तर खेळासाठीचा माऊस १००० वेळा, दर मिलिसेकंदाला. हा फरक स्पर्धेत जाणवतो. गावातल्या घरी, साध्या पडद्यावर खेळताना त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

गोळीबाराच्या खेळात माऊस जिंकला, पण गाडीच्या खेळात नाही. आंबोलीचा घाट उतरणारा चालक स्टेअरिंग एकदम शेवटपर्यंत फिरवून मग सोडून देत नाही. तो वळणाच्या अंगाने थोडे थोडे फिरवतो. कीबोर्डची कळ मात्र वळण पूर्ण तरी देते किंवा अजिबात देत नाही, म्हणून 'नीड फॉर स्पीड' खेळणारा मुलगा डाव्या बाणावर भराभर टिचक्या मारून मधले वळण तयार करतो. इथे 'किती' सांगणारे साधन हवे, आणि ते पीसीला टीव्हीच्या खेळांकडून परत मिळाले. निन्टेन्डोने १९९६ साली आणि सोनीने १९९७ साली अंगठ्याने झुकणारी छोटी स्टिक असलेले पॅड आणले. तरीही पीसीवर प्रत्येक कंपनीच्या पॅडची बटणे वेगळ्या क्रमाने मोजली जात आणि प्रत्येक खेळात ती नव्याने जुळवावी लागत. मायक्रोसॉफ्टच्या २००५ च्या एक्सबॉक्स ३६० या टीव्हीला जोडायच्या यंत्राचा पॅड यूएसबीने थेट विंडोजला जोडता येऊ लागला आणि खेळ बनवणाऱ्यांना एकच ठरलेली मांडणी मिळाली, तेव्हा ही डोकेदुखी संपली. आज गाडी, फुटबॉल, धावणे-उड्या मारणे अशा खेळांत पीसीवरही गेमपॅडच पसंत केला जातो. गोळीबाराच्या खेळांतही तो चालतो, पण तिथे खेळ स्वतः नेमाला थोडी ओढ देऊन मदत करतो, कारण वेग सांगणाऱ्या स्टिकला नेमकी जागा गाठणे जड जाते.

हात हवेत हलवून खेळण्याचे प्रयोगही झाले. निन्टेन्डोच्या २००६ च्या वी यंत्राने लोकांना उभे केले, मायक्रोसॉफ्टच्या २०१० च्या किनेक्टने तर हातात काहीच न धरता कॅमेऱ्यासमोर खेळायला लावले. पण त्यासाठी मोकळी खोली लागते, हालचाल ओळखायला वेळ लागतो आणि बोटाखाली काही लागत नसल्याने अंदाज चुकतो. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले.

भारतात, आणि कोकणात तर विशेषच, पुढचा बदल पीसीला वगळून झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर स्वस्त इंटरनेट खेड्यापर्यंत पोहोचले, २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' आला, आणि वाडीवस्तीवरची मुले, ज्यांच्या घरी संगणक कधी आलाच नव्हता, थेट काचेवर खेळू लागली. सप्टेंबर २०२० मध्ये त्या खेळावर बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' या नावाने परत आला. पण साधन मात्र तेच राहिले, आणि आज आपल्याकडे 'गेम खेळतो' म्हटले की डोळ्यांसमोर मोबाइलच येतो.

काच 'कुठे' हे फार चांगले सांगते. तिच्याखाली पारदर्शक तारांची जाळी असते, बोट जवळ आले की त्या जागेचा विद्युतभार थोडा बदलतो आणि चिप तो बदल शोधून काढते. परंतु काचेला कडा नाहीत, कळ कुठे संपते हे बोटाला कळत नाही, आणि अंगठे पडद्याचा बराच भाग झाकतात. खेळाडूंनी यावर स्वतःच उपाय काढले. दोन अंगठ्यांऐवजी तर्जन्याही वरच्या कोपऱ्यांत आणून चार बोटांनी खेळायचे, म्हणजे चालता चालता नेम धरता येतो आणि गोळीही झाडता येते. त्याहून नामी उपाय जायरोस्कोपचा आहे. मोबाइलमधली ही चिप फोन किती आणि कोणत्या बाजूला कलला ते ओळखते, म्हणून बारीक नेम मनगट किंचित वळवून धरता येतो आणि अंगठा मोकळा राहतो. तरीही माऊसची बरोबरी होत नाही, आणि हे खेळ बनवणाऱ्यांनीही मान्य केले आहे: 'पबजी मोबाइल' संगणकावर माऊसने खेळणाऱ्यांना मोबाइलवाल्यांत न मिसळता त्यांच्यासारख्यांशीच लढायला लावतो.

आमच्या हवेत काचेची आणखी एक अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत मालवण-वेंगुर्ल्याकडे बसल्या जागी घाम येतो, आणि घाम खारट असल्यामुळे वीज वाहून नेतो. काचेवर घामाचा ओला पट्टा उमटला की जाळीला तोही बोटासारखाच वाटतो, आणि मग पात्र भलत्याच दिशेने धावते किंवा बोट सरकण्याऐवजी चिकटते. बरीच मुले म्हणून अंगठ्यावर चांदीच्या तंतूंनी विणलेल्या पातळ टोप्या घालतात. त्या घाम शोषतात आणि विद्युतभार मात्र जाऊ देतात.

खाऱ्या हवेचा खरा घाव बसतो तो कळांवर आणि स्टिकवर. साध्या कीबोर्डात रबराच्या टोप्यांखाली प्लॅस्टिकचे दोन पातळ कागद असतात आणि त्यांच्यावर वीजवाहक शाईने रेषा छापलेल्या असतात. किनाऱ्याजवळच्या घरांतून दुरुस्तीला येणाऱ्या कीबोर्डांत ही शाई हिरवट-काळी पडून तुटलेली दिसते. एक कळ बंद पडत नाही, एकदम चार-पाच पडतात, आणि ग्राहकाला वाटते की काहीतरी सांडले. खरे म्हणजे त्या सगळ्या कळा एकाच रेषेवरच्या असतात. प्रत्येक कळेखाली स्वतंत्र स्प्रिंग आणि धातूचा संपर्क असलेले यांत्रिक कीबोर्ड याहून टिकतात. आपल्या कार्यालयांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे खडखडणारा टीव्हीएस गोल्ड त्याच जातीचा. त्यातल्या चेरी स्विचचे आयुष्य कंपनी ५ कोटी दाबांचे सांगते. गेमपॅडच्या स्टिकखाली मात्र अजूनही बहुधा पोटेन्शिओमीटरच असतो. त्याची कार्बनपट्टी झिजली की हात न लावताही पात्र एका बाजूला चालू लागते. सुरुवातीला संपर्क साफ करणाऱ्या स्प्रेने ते सुधारते, पण झिजलेली पट्टी परत भरून येत नाही.

यावरचा उपाय ज्या शोधातून आला तो बराच जुना आहे. १८७९ साली एडविन हॉल यांनी दाखवून दिले होते की वाहत्या विजेवर चुंबकाचा परिणाम होऊन आडव्या दिशेने मोजता येण्याजोगा विद्युतदाब तयार होतो. स्टिकखाली किंवा कळेखाली चुंबक बसवला आणि त्याचे अंतर या तत्त्वावर मोजले, तर कशालाच काही घासत नाही, आणि खाऱ्या हवेला खायला उघडा संपर्कही उरत नाही. सेगा कंपनीच्या १९९८ च्या ड्रीमकास्ट या खेळयंत्राच्या पॅडमध्ये चुंबकावर चालणारी स्टिक होती. आता मध्यम किमतीच्या पॅडमध्येही ती मिळू लागली आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्याने पॅड घेताना खोक्यावर 'हॉल इफेक्ट' हे शब्द शोधावेत.

चुंबकाची कळ आल्यावर कीबोर्डही 'किती' सांगू लागला, कारण कळ किती खोल गेली हे आता मोजता येते. वूटिंग या डच कंपनीने असे कीबोर्ड लोकप्रिय केले. कळ ठरलेल्या उंचीपर्यंत वर येण्याची वाट न पाहता ती किंचित उचलली की लगेच सुटली असे मानण्याची सोय त्यात आहे. २०२४ मध्ये रेझरने पुढचे पाऊल टाकले: ए आणि डी दोन्ही दाबलेल्या असल्या तर शेवटी दाबलेलीच खरी मानायची. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये नेम धरण्यापूर्वी उलट दिशेची कळ दाबून झटकन थांबावे लागते, आणि एक कळ सोडून दुसरी दाबण्याची ती अचूक वेळ हे खेळाडू वर्षानुवर्षे घोटत आलेले कसब आहे. तेच काम कीबोर्ड करू लागल्यावर खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक २'च्या आपल्या सर्व्हरवर अशा सोयीला मनाई केली. मला हा निर्णय योग्य वाटतो. हाताची हालचाल यंत्राला लवकर कळवणे वेगळे आणि न केलेली हालचाल हाताच्या नावावर खपवणे वेगळे.

ज्यांचे हात नेहमीची साधने धरू शकत नाहीत, त्यांचा विचार मोठ्या कंपन्यांनी फार उशिरा केला. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला, जो विंडोजच्या संगणकालाही जोडता येतो. त्याच्यावर दोन मोठी बटणे आहेत आणि मागच्या कडेला ३.५ मिलिमीटरची १९ छिद्रे आहेत. पॅडवरचे प्रत्येक बटण त्यातल्या एकेका छिद्राला नेमून दिलेले असते, आणि छिद्रात कोपराने, पायाने किंवा हनुवटीने दाबता येईल असा कोणताही स्विच लावता येतो. तयार स्विच परदेशातून मागवावे तर महाग पडतात. परंतु त्यांच्या आत दोन तारा जोडणारा साधा संपर्कच असतो, हेडफोनच्या मापाची पिन कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, आणि पार्लरच्या जुन्या पेट्यांत असत तशी मोठी, दणकट बटणेही अजून विकत मिळतात. लाकडी फळीवर असे बटण बसवून त्याला पिन झाळायला दुरुस्तीच्या टेबलावर तासभर पुरतो, आणि ते खेळणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला लावून पाहायला त्याहून थोडा अधिक वेळ लागतो.